चाकाखालची शिकार: डोंगरावर घुसलेल्या गाडीची तक्रार कशी करायची

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून ऐकत असाल, नाहीतर सेकंड शिफ्ट संपवून झोपायच्या आधी ऐकत असाल. आजचा विषय तुमच्या हातातल्या फोनचाच आहे.

पावसाळा जवळ आला की मला एकाच प्रकारचे मेसेज येतात. "दादा, आमच्या डोंगरावर रविवारी फोर बाय फोर गाड्या चढतात. चिखल उडवतात, रील काढतात. माझ्याकडे व्हिडिओ आहे. कुठे टाकू?"

माझं उत्तर एवढंच, की आधी टाकू नका. आधी तक्रार करा. व्हिडिओ टाकणं आणि तक्रार करणं या दोन गोष्टींत किती फरक आहे, ते आज सांगतो.

पण त्याआधी एक शब्द बघू. शिकार. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर बंदूक येते, राजेमहाराजे येतात. त्यात चूक काही नाही. कोल्हापूर संस्थानात पाळलेले चित्ते सोडून माळावर काळविटांची शिकार व्हायची. राधानगरी-दाजीपूरचं जंगल हे त्या संस्थानाचं राखीव शिकारीचं रान होतं. पुढे १९५८ साली त्याच रानात गव्यांसाठी अभयारण्य झालं. म्हणजे जिथे राजाशिवाय कोणी शिकार करायची नाही असा नियम होता, तिथे आता कोणीच करायची नाही असा नियम आला.

मग आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. या कायद्यात शिकारीची व्याख्या दिलीय, ती एकदा वाचाच. मारणं, पकडणं, फास लावणं हे त्यात आहेच. पण प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकून नेणं हेही आहे. आणि पक्ष्यांच्या किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं, त्यांच्या घरट्यांना त्रास देणं, हेसुद्धा शिकारीतच मोडतं. ही व्याख्या अभयारण्यापुरती नाही. कायद्याच्या यादीतला प्राणी असला की ती सगळीकडे लागू.

आता ही व्याख्या घेऊन आपल्या चाकणच्या माळावर चला.

माळटिटवी माहितीये? पिवळे पाय, डोक्यावर काळी टोपी. ती घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर थोडे खडे सरकवून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. बहुतेक वेळा चार. अंड्यांचा रंग असा की दोन पावलांवर उभे असाल तरी ती खड्यांसारखीच दिसतात. रातवा तर खळगाही करत नाही, पाचोळ्यात नाहीतर मातीवर सरळ अंडी घालतो. चंडोल गवताच्या बुडाशी घरटं करतो. या सगळ्यांचा विणीचा मोठा काळ उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात. आणि आपल्या गाड्या डोंगरावर कधी चढतात? नेमक्या तेव्हाच.

ड्रायव्हरला अंडी दिसत नाहीत, हे मला मान्य आहे. तो काही मुद्दाम मारायला आलेला नसतो. कोर्टात गुन्हा सिद्ध करताना हा मुद्दा निघणार, तेही खरं. पण अंडं फुटायचं ते फुटतंच. आणि रात्री सर्चलाइट लावून सशामागे गाडी पळवणारा जो असतो, त्याला तर "दिसलं नाही" असं म्हणायची सोयच नाही. पाठलाग म्हणजे शिकार. बंदूक असो वा नसो.

दुसरं नुकसान मातीचं. डोंगरउतारावर वनविभागाने सलग समतल चर खणलेले असतात. पाणी अडावं, मुरावं, रोपं जगावीत म्हणून. त्यावरून चार गाड्या गेल्या की बांध फुटतो. चाकोरी उतारावर सरळ खाली गेलेली असेल तर पहिल्या मोठ्या पावसात तिचाच ओढा होतो. माती खालच्या शेतात येते, गवत वर येत नाही. पुढच्या वर्षी गुराख्याला विचारा चारा का कमी झाला. तो बरोबर चाकोरीकडे बोट दाखवेल.

आपल्या पट्ट्यात हे जास्त टोचतं, कारण या गाड्या आपणच बनवतो. चाकणला बनतात, पिंपरीत बनतात. त्यांचे पार्ट भोसरीच्या छोट्या वर्कशॉपात बनतात. गाडीचं वेड मला कळतं, माझं पोट त्याच्यावर आहे. आणि इथलं जंगल फॅक्टरीच्या कंपाउंडला लागून आहे. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला होता, आठवतंय ना? काही तास काम थांबलं, मग वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएसच्या टीमने त्याला सुखरूप बाहेर काढलं. बिबट्या आत आला तर आपण लगेच फोन करतो. आपण त्याच्या घरात शिरलो तर फोन कोण करणार?

म्हणून आता कामाचं बोलू. तक्रार कशी करायची.

पहिली पायरी, जमीन कोणाची? डोंगर दिसला म्हणजे तो वनविभागाचाच असं नाही. ते राखीव वन असेल, गायरान असेल, एखाद्या शेतकऱ्याची खाजगी जमीन असेल, देहूरोडच्या बाजूला लष्कराचीही असेल. महाभूनकाशावर गट नंबर बघा, सातबाऱ्यावर नाव बघा. जागेवर असाल तर वनहद्दीचे दगडी बुरूज किंवा सिमेंटचे खांब शोधा. बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर नंबर घातलेला असतो. त्या नंबराचा फोटो दहा रीलच्या तोडीचा आहे, कारण वनरक्षकाला तो बघितल्याबरोबर जागा कळते.

दुसरी पायरी, योग्य ऑफिस. चाकण आणि खेडकडचं जंगल जुन्नर वनविभागात येतं. मावळातले डोंगर, म्हणजे भंडारा डोंगराचा भाग वगैरे, पुणे वनविभागात. तक्रार जाते वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, ज्यांना आपण आरएफओ म्हणतो. नेमकं ऑफिस माहीत नसेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे सांगा. गायरान असेल तर ग्रामपंचायत आणि तहसीलदार. गाडी आत्ता, या क्षणी लोकांच्या अंगावर येतेय असं असेल तर थेट ११२. चाकण आता पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे, फोन तिकडे वळवला जाईल.

तिसरी पायरी, काय लिहायचं. तारीख, वेळ, ठिकाण, गाड्या किती, नंबर दिसला असेल तर नंबर, कुठून आत शिरल्या आणि कुठून बाहेर पडल्या. फोनचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. चाकोरीचाही फोटो घ्या, शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवा म्हणजे रुंदी कळते. चर फुटला असेल तर तो. घरटं दिसलं तर लांबूनच फोटो घ्या आणि त्याची जागा फक्त अधिकाऱ्याला सांगा, ग्रुपवर टाकू नका. "हे लोक माजलेत" वगैरे तक्रारीत लिहू नका. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा.

चौथी पायरी, पोच. फोन झाला तरी लेखी अर्ज द्या, ईमेल करा किंवा ऑफिसात देऊन शिक्का घ्या. महिनाभरात काही हललं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली? दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रकरण वन्यजीव कायद्याचं असेल तर त्यात आणखी एक दार आहे. सरकारला साठ दिवसांची नोटीस देऊन साधा नागरिकसुद्धा स्वतः कोर्टात तक्रार दाखल करू शकतो. तिथपर्यंत जायची वेळ सहसा येऊ नये. पण दार आहे, हे माहीत असलेलं बरं.

आणि काय करायचं नाही, तेही ऐका. गाडीसमोर उभं राहायचं नाही. पाठलाग करायचा नाही. एकट्याने वाद घालायचा नाही. तुमचं नाव उघड होऊ नये असं वाटत असेल तर अर्जातच तशी विनंती लिहा.

आता माझा एक अनुभव सांगतो. चाकणजवळच्या एका डोंगरावर मी बऱ्याच रविवारी पायी जातो. मागच्या उन्हाळ्यात तिथे जाळरेषेवरून, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून केलेल्या पट्ट्यावरून, गाड्या वर चढलेल्या दिसल्या. तीन गाड्या होत्या. मी खांबाचा नंबर, वेळ, फुटलेले चर, सगळं लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी वनरक्षकाचा फोन आला. आम्ही दोघं वर गेलो. तो एकटा माणूस, एक मोटरसायकल आणि नजर पोचणार नाही एवढा बीट. म्हणाला, "साहेब, मी सकाळी या टोकाला असतो तेव्हा हे लोक त्या टोकाला असतात."

आठवड्याभराने आमच्याच लाइनवरचा एक जण कँटीनमध्ये माझ्याजवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, "तू केलीस ना कंप्लेंट? त्यातल्या एका गाडीत मी होतो."

मी म्हटलं, "हो, मीच केली."

"अरे, सांगायचंस ना आधी. आपण काय परके आहोत का?"

"गाडीत तू आहेस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी अर्ज दिला असताच."

तो काही बोलला नाही. ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. पुढचे दोन महिने आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं होतं. तक्रारीची ही किंमत कुठल्याच पोर्टलवर लिहिलेली नसते, म्हणून मुद्दाम सांगतोय. गाडीतला माणूस बहुतेक वेळा आपल्याच सोसायटीतला, आपल्याच शिफ्टमधला असतो.

नंतर एका दुपारी त्यानेच विचारलं, "मग चालवायची कुठे, ते तरी सांग." हा प्रश्न मला आवडला. कारण त्याला उत्तर आहे. ज्याची जमीन त्याची परवानगी घेऊन, खाजगी ट्रॅकवर, आखलेल्या वाटेने चालवा. मालकाला पैसे मिळतात, गाडीला चिखल मिळतो, टिटवीला तिचा माळ मिळतो. तो आता तसाच जातो. गाडी विकायची गरज पडली नाही.

डोंगराचं काय झालं, तेही सांगतो. कोणाला अटक झाली नाही. बातमी आली नाही. जाळरेषेच्या तोंडाशी आडवा चर खणला आणि दोन मोठे दगड लावले, एवढंच. पण गाडी वर जाणं थांबलं. बैलं जातात, माणसं जातात. मला एवढंच हवं होतं.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक चाकाची तक्रार करू नका. डोंगराखालच्या वाडीतला माणूस रोजच्या वाटेने दुचाकीवर दूध घेऊन जातो. त्याची ती वाट तुमच्या-माझ्या आधीपासूनची असेल. शनिवार-रविवारचा पाहुणा आणि रोजचा रहिवासी यांतला फरक ओळखा. शंका असेल तर आधी त्या वाडीत जाऊन विचारा. सगळ्यात चांगली माहिती तिथेच मिळते, आणि पुढच्या वेळी पहिला फोन तेच करतात.

अभयारण्यात नियम आणखी कडक आहेत, हेही लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झालेलं, चिंकाऱ्यांचं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा. वन्यजीव कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वेगात गाडी घातली तर एवढंसं रान काही मिनिटांत संपतं. चिंकारा पळून पळून जाणार कुठे?

आपण माळाला पडीक म्हणतो ना, तिथूनच गडबड सुरू होते. झाड नाही म्हणजे काही नाही, असं वाटतं. मग तिथे गाडी घातली तर बिघडलं काय? पण ज्या माळावर राजे चित्ते घेऊन उतरायचे, तो रिकामा असता तर ते कशाला आले असते?

तर या रविवारी एक काम करा. तुमच्या गावाजवळच्या, सोसायटीमागच्या डोंगराचा गट नंबर काढून ठेवा. १९२६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा, "वनविभाग" नावाने. गाडी दिसेल तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. आणि तुम्ही कधी तक्रार केली असेल, काही झालं असेल किंवा काहीच झालं नसेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही. गावाचं नाव आणि काय घडलं, एवढं पुरे.

भेटू पुढच्या भागात. जपून जा, वाटेनेच जा.