गिऱ्हाईक की सभासद?

आमच्या हातकणंगले तालुक्यात साखर कारखाने, सूतगिरण्या, दूधसंस्था सहकाराच्या. त्यामुळे गिऱ्हाईक आणि सभासद यांतला फरक इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गिऱ्हाईक माल बघतं, पटला नाही तर पुढच्या दुकानात जातं. सभासद भाग भरतो, दूध घालतो, वार्षिक सभेत भांडतो आणि तरीही संस्था ‘आमची’ म्हणतो.

रविवारच्या उपासनेला मात्र आम्ही ख्रिस्ती मंडळी पुष्कळदा गिऱ्हाईक होऊन जातो. ‘उपदेश लांबला’, ‘गाणी जुनीच’, ‘त्या चर्चमध्ये वाद्यं चांगली’, असं परतताना कानावर येतं.

या सवयीचं मूळ जुनं आहे. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. १८९४ मध्ये मिरजेत डॉ. वानलेस यांचं रुग्णालय उभं राहिलं. शाळा, दवाखाने मिशनने दिले. ते उपकार मोठेच. पण देणारे ते आणि घेणारे आपण, ही सवय मागे राहिली. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला.

तेवढं धैर्य प्रत्येकाला जमणार नाही. पण प्रत्येक घराला एक काम देता येईल: सतरंज्या घालणं, मुलांचा वर्ग घेणं, आजाऱ्याची विचारपूस. जमाखर्च सर्वांसमोर वाचता येईल. ज्यानं सतरंजी अंथरली, तो सहसा दुकान बदलत नाही.

घरी जाताना ‘आज काय मिळालं?’ याऐवजी ‘आज कोण आलं नव्हतं?’ असा प्रश्न मनात आला, की आपण सभासद झालो असं मी समजेन.