वाघ मोजणाऱ्यांचे दिवस कोण मोजणार?

(हुडको, भिलाई येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

आज आपण ज्या वसाहतीत जमलो आहोत, त्या हुडकोचे नाव देशातील कामगार चळवळीला एका तारखेमुळे ठाऊक आहे. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे कॉम्रेड शंकर गुहा नियोगी यांची येथेच, झोपेत असताना, गोळ्या घालून हत्या करण्यात आली. दल्ली राजहराच्या लोहखनिज खाणींतील कंत्राटी मजुरांना त्यांनी संघटित केले होते आणि अखेरच्या काळात भिलाईच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगार कायम व्हावेत म्हणून ते झगडत होते. पुढे १ जुलै १९९२ रोजी याच मागण्यांसाठी भिलाई पॉवर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. रेल्वेतील आपल्या बांधवांना तो दिवस वेगळा सांगायला नको.

नियोगींची आणखी एक गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत आहे. खाणकामगारांना आपल्या भोवतालच्या झाडाझुडपांची ओळख व्हावी म्हणून त्यांच्या संघटनेने ‘अपने जंगल को पहचानो’ ही मोहीम चालवली होती. जंगलाचा प्रश्न आणि कामगाराचा प्रश्न त्यांनी वेगळा मानला नाही. म्हणून जंगलात हंगामी काम करणाऱ्या एका कामगाराचा प्रश्न आम्ही आज येथे मांडत आहोत. हा कामगार म्हणजे वन्यप्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या सर्वेक्षणावर जाणारा रोजंदारी मजूर.

देशात २००६ पासून दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्यांची वनखाती मिळून ती करतात. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले, सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे निघाली आणि माणसे पाच लाख किलोमीटरहून अधिक पायी चालली. या गणनेची गिनीज बुकात नोंद झाली. त्या नोंदीत मनुष्यदिवसांचाही आकडा आहे : ६,२०,७९५. मित्रहो, हा आकडा नीट ऐका. सहा लाखांहून अधिक मनुष्यदिवस! त्यात वनरक्षक आहेत, अधिकारी आहेत, संशोधक आहेत. पण त्यांच्या पुढे चालून वाट दाखवणारा, कॅमेऱ्यांचे ओझे वाहणारा, ओढ्याकाठच्या वाळूत पंजाचा ठसा सर्वांत आधी ओळखणारा गावातला मजूरही आहे. हे सहा लाख दिवस जगाच्या पुस्तकात चढले. त्या मजुराच्या नावावर त्यातले किती चढले?

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. जंगलाचे बीट पाडलेले असतात. प्रत्येक बीटात मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधत तीन दिवस, रोज किमान पाच किलोमीटर चालायचे. मग आखलेल्या रेषेवरून पुन्हा तीन सकाळी चालून हरणे, रानगवे, डुकरे मोजायची. त्याच रेषेवर ठरावीक अंतरावर वर्तुळे धरून झाडे, झुडपे, गवत यांची नोंद करायची. त्यानंतर कॅमेऱ्यांचे काम येते. दोन चौरस किलोमीटरच्या एकेका चौकटीत कॅमेऱ्यांची जोडी बांधायची, अधूनमधून जाऊन तपासायची आणि शेवटी काढून आणायची. आमच्या ट्रॅकमन बांधवांना यात नवल वाटणार नाही, कारण त्यांचीही नोकरी पायांवरच चालते. जंगलपट्टीत टपाल पोहोचवणाऱ्या ग्रामीण डाकसेवकांनाही या वाटा ठाऊक आहेत.

वनस्पतींच्या सर्वेक्षणातही हेच. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० साली स्थापन झाली. तिचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ पासून पुण्यात आहे. अशा संस्थांच्या संग्रहात वाळवून चिकटवलेल्या प्रत्येक नमुन्याखाली चिठ्ठी असते. तिच्यावर वनस्पतीचे नाव, ठिकाण, तारीख आणि नमुना गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव असते. झाडावर चढून ती फांदी ज्याने उतरवली, त्याचे नाव तेथे बहुधा नसते.

आणि या कामात जोखीम किती आहे? २० नोव्हेंबर २०२१ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबात गणनेचे काम करीत असताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. कर्तव्य बजावताना गेलेल्या त्या भगिनीला आमचे अभिवादन. त्या वेळी तिच्यासोबत तीन वनमजूर चालत होते. वनरक्षक ही नियमित नोकर असते. तिच्या कुटुंबाला सेवानियमांचा आधार असतो. वाघिणीने त्या तिघांपैकी एकाला धरले असते, तर तो त्या दिवशी कामावर होता हे कोणत्या कागदाने सिद्ध झाले असते? आमचा प्रश्न एवढाच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा मजूर हंगामी आहे, वर्षातून दोन महिने काम असते, त्याला कायम कसे करणार, असे सांगितले जाते. पण त्याचे वर्ष पाहा. पावसाळ्यात तो रोपवनात खड्डे खणतो, रोपे लावतो. हिवाळ्यात सर्वेक्षणावर जातो. उन्हाळ्यात जाळरेषा साफ करतो, वणवा लागू नये म्हणून राखण करतो. माणूस तोच, जंगल तेच, हुकूम देणाराही बहुतेक वेळा तोच. फक्त पैशाचे शीर्षक बदलते. एक मजुरी एका योजनेतून, दुसरी दुसऱ्या योजनेतून, तिसरी ठेकेदारामार्फत किंवा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पातून. प्रत्येक मस्टरवर त्याचे थोडे थोडे दिवस पडतात आणि त्यांची बेरीज कोणीच करीत नाही. हंगामी असते ते योजनेचे शीर्षक. माणूस बारमाही राबतो.

हा डाव आपल्याला नवा आहे काय? रेल्वेच्या प्रकल्पांवरील कॅज्युअल मजुरांचे हेच झाले होते. एक पूल संपला की घरी, दुसरा सुरू झाला की पुन्हा नवा मजूर म्हणून भरती. इंदरपाल यादव खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर ताशेरे ओढले आणि ३६० दिवस भरलेल्या प्रकल्प मजुरांना तात्पुरता दर्जा देण्याची योजना मार्गी लागली. टपाल खात्यातील रोजंदारांचा निकाल १९८७ साली लागला आणि त्यातून १९९१ ची योजना आली. वर्षात २४० दिवस हा तिचा पाया होता. दोन्ही ठिकाणी लढा न्यायालयात जिंकला गेला, पण तो उभा राहिला दिवसांच्या नोंदीवर. ज्याच्याजवळ कार्ड होते तो आत आला. ज्याच्याजवळ नव्हते तो बाहेर राहिला.

जंगलातील मजुरांनीही एक मोठी लढाई जिंकली आहे. मुख्य वनसंरक्षक विरुद्ध जगन्नाथ मारुती कोंढरे हा ५ डिसेंबर १९९५ चा निकाल महाराष्ट्रातील वनमजुरांचा होता. सरकारचे म्हणणे असे की, जंगल राखणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, तो उद्योग नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. हे मजूर पाच-सहा वर्षे, दरवर्षी १०० ते ३३० दिवस राबत होते. असे वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे अनुचित कामगार प्रथा ठरली. त्यानंतर ३१ जानेवारी १९९६ च्या शासननिर्णयाने आठ हजारांवर वनमजुरांना सेवेत सामावून घेण्याचे ठरले. पण त्यासाठी अट कोणती होती? सलग पाच वर्षे, दरवर्षी किमान २४० दिवस. म्हणजे पुन्हा दिवसांचीच बेरीज!

पुढे वाट अवघड झाली हे खरे. २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करण्यावर बंधन घातले आणि प्रत्येक खात्याने त्याची ढाल केली. मात्र २००९ साली एस. टी. महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले की, अनुचित प्रथा सिद्ध झाल्यास औद्योगिक न्यायालयाचे अधिकार उमादेवी निकालाने संपत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे. पण केंद्र व राज्य सरकारची कार्यालये त्या संहितेतून वगळली आहेत. ठेकेदारामार्फत तेथे लावलेल्या कामगारांना मात्र ती लागू होते. वाघाच्या वाटेवरील बीट हे ‘कार्यालय’ म्हणायचे काय, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आपण विचारला नाही, तर त्याचे उत्तर मालकाच्या सोयीने दिले जाईल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सर्वेक्षणावर जाणाऱ्या प्रत्येक मजुराला हजेरी कार्ड मिळावे. रोपवन, सर्वेक्षण, वणवा राखण अशा सर्व कामांचे दिवस, पैसा कोणत्याही शीर्षकातून आला तरी, त्या एकाच कार्डावर चढावेत. मजुरी बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यातच जमा व्हावी. जंगलात पाऊल टाकण्यापूर्वी विमा उतरवलेला असावा. आणि पक्की पदे निघतील तेव्हा या बेरजेला अग्रक्रम मिळावा.

नोंद ठेवणे अवघड आहे, असे कोणी सांगू नये. गणनेसाठी मोबाइलवर ‘एम-स्ट्राइप्स’ ही प्रणाली वापरतात. चाललेली वाट, तारीख, वेळ सारे तिच्यात आपोआप उतरते. मात्र नोंद होते ती ज्याच्या हाती मोबाइल त्याची. त्याच फेरीत सोबतच्या मजुराचे नाव भरायला किती वेळ लागतो? जंगलातील कॅमेरा वाघाचे छायाचित्र काढतो, तसेच समोरून जाणाऱ्या माणसाचेही काढतो आणि दोन्हींवर तारीख-वेळ असते. पुरावा सरकारच्याच पेटीत पडून आहे. तो मागायला कोणी उभे राहत नाही, एवढेच.

बंधुभगिनींनो, येथे आपली जबाबदारी येते. आपल्यापैकी अनेकांची गावे गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडची आहेत. घरातला कोणी भाऊ, भाचा असे काम करीत असेल. त्याला एक वही आणून द्या. तारीख, बीट, काम, सोबतचा वनरक्षक, मिळालेली मजुरी, एवढे पाच रकाने त्यात रोज भरायला सांगा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराने भरावेत. डाकसेवक बांधवांनी खाते उघडण्यास आणि खात्यावरील नोंद वाचून दाखवण्यास मदत करावी. निवृत्त सहकाऱ्यांनी अर्ज लिहून द्यावेत. कार्डासाठी झालेली झगडाझगडी त्यांनी पाहिली आहे. पाच वर्षांनी त्या वह्या एकत्र ठेवल्या, तर त्यातून एक संघटना उभी राहील.

आम्ही वाघाच्या विरुद्ध नाही. वाघ वाढले याचा आनंदच आहे. २०२२ च्या गणनेत त्यांचा सरासरी अंदाज ३,६८२ निघाला. ज्या देशाला जंगलातील एकेका वाघाचे पट्टे वेगळे ओळखता येतात, त्या देशाला ते पट्टे टिपणारा कॅमेरा झाडाला बांधणाऱ्या माणसाचे नाव लिहिता येत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!