पोथीचा प्रवास



इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावी पायपीट करून जुनी दप्तरे मिळविली. १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. वाळवी व कसर यांपासून असे कागद जपण्याची काळजी सारेच घेतात. प्रवासाची मात्र कोणी धास्ती बाळगत नाही.

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या मोटारीत कागदातील ओल उडते, थंड दालनात ती पुन्हा शिरते. या आकुंचन-प्रसरणाने ताडपत्रे तडकतात, कल्पसूत्राच्या चित्रांतील रंग व सोने पापुद्रे धरते. म्हणून पोथी पहाटे न्यावी; पोहोचल्यावर पेटी एक दिवस बंदच ठेवावी.

वेष्टन सुतीच हवे. दुकानातील कोरा मांजरपाट दिसतो कडक, पण त्यातील खळ किडीला निमंत्रण देते. तो धुऊन, खळ पूर्ण काढूनच वापरावा.

पावसाळा सरल्यावर ज्ञानपंचमीला पोथ्या उघडण्याची पूर्वजांची रीत किती विचारपूर्वक होती! मात्र दर्शनाच्या वेळी पेटीत दिवा नको. संग्रहालयांत अशा पानांवर ५० लक्सच्या आतच उजेड ठेवतात. मूळ पान थोडे दिवस मांडावे, पुढे छायाप्रत ठेवावी.