फुलाचा सातबारा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी ‘आपले संस्कार’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. शास्त्राचे गाढे अभ्यासक समोर बसलेले असताना मी तत्त्वचर्चा करणे म्हणजे सोनाराला सोन्याची पारख शिकविणे होय. म्हणून मी ग्रंथांकडे न जाता माझ्या आजोबांकडे जातो. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. कृष्णाकाठच्या आमच्या गावी त्यांची थोडी शेती होती आणि घरामागे फुलझाडांचे परस होते. शिक्षण चौथीपर्यंत, परंतु फुले आणि माणसे या दोहोंचे निरीक्षण दांडगे. ते म्हणत, “फूल कधी मूर्खपणा करीत नाही. ते हाती आले की माणूस करतो.”

आमच्या गल्लीतील एक गृहस्थ रोज पहाटे आकडी घेऊन निघत आणि शेजाऱ्यांच्या कुंपणांवरची जास्वंद ओढून पिशवी भरीत. अण्णा दारात उभे राहून त्यांना हात जोडीत आणि विचारीत, “आज कोणाच्या वतीने पूजा?” मग घरात येऊन आम्हा मुलांना सांगत, “न दिलेले घेणे म्हणजे चोरी, इतकी सोपी व्याख्या तत्त्वार्थसूत्राने करून ठेवली आहे. पण चोरीचा माल देवापुढे ठेवला की त्याचे पुण्य होते, असे यांना वाटते. देव बोलत नाही, म्हणून बरे चालले आहे!”

पुढे मी महाविद्यालयात शिकू लागल्यावर हॉलंडमधील ट्यूलिपच्या फुलांची हकीकत त्यांना वाचून दाखविली. सतराव्या शतकात तेथे या फुलांच्या कंदांचे भाव इतके चढले, की एकेका दुर्मीळ कंदासाठी कुशल कारागिराच्या कित्येक वर्षांच्या कमाईएवढी रक्कम मोजण्याचे सौदे होऊ लागले. कंद जमिनीतच, फूल कोणी पाहिलेले नाही आणि कागद मात्र हातोहात फिरत आहेत! १६३७ च्या फेब्रुवारीत हे भाव कोसळले. ज्या रंगीत रेषांच्या पाकळ्यांना सर्वाधिक किंमत होती, त्या रेषा विषाणूच्या रोगाने उमटत, हे विसाव्या शतकात उघड झाले. म्हणजे सर्वांत महाग फूल हे आजारी फूल होते. अण्णांनी सर्व शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “आपण कंदमूळ वर्ज्य मानतो ते खाण्यापुरते. कांदा न खाताही माणूस कांद्यापायी बुडतो, हे आज समजले.”

आपल्यापैकी कोणी देवाला ताजी फुले वाहतात, तर कोणी एकेंद्रिय जीवाला इजा नको म्हणून त्या जागी केशरात रंगविलेले तांदूळ वाहतात. दोन्ही रीती जुन्या आणि दोहोंमागे श्रद्धाच आहे. तरीही आमच्या गावी एकदा यावरून मंदिरातच आवाज चढले. अण्णा मध्ये पडले आणि म्हणाले, “अष्टद्रव्यांतले पुष्प वाहायचे ते विकाराचा नाश व्हावा म्हणून. तुम्ही फूल वाहता, हे तांदूळ वाहतात. विकार मात्र दोघेही जसाच्या तसा घरी परत नेता आहात.” लोक हसले आणि भांडण तेथेच थांबले.

बंधू-भगिनींनो, इथवरचे अण्णा साऱ्या गावाला ठाऊक होते. यापुढचे मात्र घरातलेच आहे.

आमच्या मंदिराच्या भिंतीवर षड्लेश्यांचे चित्र होते. आपण सर्वांनी ते पाहिले असेल. जांभळाच्या झाडापाशी सहा भुकेले वाटसरू येतात. पहिला झाड मुळापासून तोडू म्हणतो, दुसरा खोड, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी तोडू म्हणतो. पाचवा नुसती फळे तोडू पाहतो. सहावा मात्र खाली गळून पडलेली फळे वेचतो. अण्णा आम्हा मुलांना त्या चित्रापुढे उभे करीत आणि विचारीत, “बोल, आज तू कितवा?” शाळेत कोणाची पेन्सिल ओढून घेतली असली, की उत्तर देताना मान खाली जाई.

अण्णांना एक धाकटे बंधू होते. वाटण्या झाल्या तेव्हा परसातला सोनचाफा बांधावर आला. खोड आमच्या बाजूला आणि एक मोठी फांदी धाकट्या आजोबांच्या अंगणात. पावसाळ्यात चाफा फुलला, की तिकडची माणसे त्या फांदीची फुले काढीत. यावरून घरातील बायकांत प्रथम शब्द झाला, मग पुरुषांत झाला. एके सकाळी अण्णांनी करवत आणली आणि ती फांदी छाटून टाकली. त्या दिवसापासून दोन्ही घरांतले बोलणे सात वर्षे बंद होते.

मी दहा वर्षांचा असतानाची गोष्ट. दशलक्षण पर्व संपून क्षमावणीचा दिवस आला. अण्णा मला बरोबर घेऊन घरोघर क्षमा मागत निघाले. धाकट्या आजोबांचे दार आले, तसे ते पुढे चालू लागले. मी विचारले, “अण्णा, इथे नाही जायचे?” ते काही बोलले नाहीत. मला त्या चित्राची आठवण झाली आणि मी सहज विचारले, “अण्णा, तुम्ही कितवे?”

अण्णा रस्त्यातच थांबले. पुष्कळ वेळाने म्हणाले, “तिसरा.”

तेथून ते मागे फिरले आणि परसात गेले. झाडावर फुले होती. त्यांना त्यांनी हात लावला नाही. खाली पडलेल्या पाकळ्या वाकून वेचल्या, उपरण्यात घेतल्या आणि थेट धाकट्या आजोबांच्या दारात जाऊन उभे राहिले. धाकटे आजोबा बाहेर आले. दोघांनाही शब्द सुचेना. शेवटी अण्णा म्हणाले, “फुलाचा सातबारा काढायला गेलो होतो. कोणाचेच नाव नाही त्याच्यावर.”

धाकटे आजोबा हसले नाहीत. त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “दादा, आधी आत ये. दिवस मावळायच्या आत जेवून घे.”

सात वर्षांनंतर दोघे भाऊ एका पंगतीला बसले. पुढच्या पर्वाला मात्र धाकटे आजोबा नव्हते. छाटलेल्या जागी पुन्हा फांदी फुटली नाही. त्या खुणेवर हात ठेवून अण्णा सांगत, “सात वर्षे मी गावाच्या मूर्खपणाला हसत होतो आणि माझा मूर्खपणा माझ्याच परसात उभा होता. हाताशी एकच वर्ष राहिले होते, तेव्हा मला शहाणपण सुचले.”

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे झाली. या काळात वास्तू उभ्या राहिल्या, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली गेली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु पन्नास वर्षांत एखादी फांदीही छाटली गेली असेल. एखाद्या ठरावावरून, एखाद्या मानपानावरून कोणी या सभागृहाची पायरी चढणे सोडले असेल. त्यांचे दार आपल्याला ठाऊक असते आणि क्षमावणीच्या दिवशी आपण नेमके तेवढेच दार चुकवून पुढे जातो. माझी नम्र विनंती एवढीच, की सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी त्या दारापुढे प्रत्येकाने क्षणभर थांबावे आणि स्वतःला विचारावे, “मी कितवा?” उत्तर मोठ्याने सांगण्याची आवश्यकता नाही. दिवस मावळण्यापूर्वी मात्र आत जावे.

माझ्या बोलण्यातून कोणाचे मन दुखावले असल्यास मन-वचन-कायेने क्षमा मागतो.

जय जिनेंद्र.