तपासणीचा कागदही माहेरी न्या



सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघते. बॅगेत साड्या, टोपडं, सासूबाईंनी दिलेला खाऊ, सगळं असतं. सुरुवातीला केलेल्या रक्ततपासणीचा कागद मात्र बरेचदा सासरच्या कपाटातच राहतो. मला आज त्या कागदाबद्दल बोलायचं आहे.

गरोदरपणात हिमोग्लोबिन आणि साखरेबरोबर एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांसाठीही रक्त तपासतात. हिपॅटायटिस बी म्हणजे आपल्याकडे म्हणतात ती पांढरी कावीळ. तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, कारण बाईला काही होतच नसतं. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, जेवणही नेहमीसारखं. विषाणू मात्र रक्तात असतो आणि मुख्यतः बाळंत होताना बाळाला लागतो. मोठेपणी लागण झाली, तर १०० पैकी ९५ जण त्यातून बरे होतात. जन्मतःच लागण झाली, तर १०० पैकी सुमारे ९० बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो. त्यांतल्या काहींना ऐन उमेदीत यकृताचा सिरोसिस किंवा कॅन्सर गाठतो.

आणि हे टाळता येतं! बाळ जन्मलं की एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोबुलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यायचं. लस २४ तासांच्या आत, इम्युनोग्लोबुलिन शक्यतो १२ तासांच्या आत. पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. आईच्या रक्तात विषाणू फार असतील, तर शेवटच्या तीन महिन्यांत तिला टेनोफोव्हिरच्या गोळ्या देतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून ही तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. लस तर प्रत्येकच बाळाला देतात. पण ते दुसरं इंजेक्शन आधी मागवून ठेवावं लागतं. रात्री दोनला कळा सुरू झालेली बाई कागदाशिवाय आली, तर सिस्टरना हे कळणार कसं?

बाळाला अंगावर पाजायचं का, असं आजी हमखास विचारतात. जरूर पाजायचं. एका ताटात जेवल्यानं, कडेवर घेतल्यानं हा आजार पसरत नाही. "आमच्या घरात कुणाला नव्हती, हिनंच आणली," हे वाक्य मात्र कृपा करून कुणी उच्चारू नका. त्या मुलीला तो विषाणू तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळीही लागलेला असू शकतो. नवऱ्याची आणि घरातल्यांची तपासणी करा, ज्यांना लागण नाही त्यांनी लस घ्यावी.

मुलीच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. लेकीला आणायला जाल तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट मागून घ्या आणि बाळंतपण जिथे होणार तिथल्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा. तपासणी झालेलीच नसेल, तर तसं सांगून लगेच करून घ्या.