पुरातले पहिले जेवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही उपयोगाचे बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. म्हणून वादळापुरात घर सुटलेल्या माणसांच्या जेवणाविषयी बोलणार आहे. संकट आले की आपण हात आखडता घेत नाही. परंतु अन्न कोणत्या दिवशी, कोणत्या रूपात आणि कोणाच्या हाती पडते, यावर त्या दानाचे सार्थक ठरते.

ओडिशाचे उदाहरण पाहा. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ आले. समुद्र गावांत शिरला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. जी वाचली त्यांच्या घरचे धान्य भिजले, विहिरी-तळी खारट झाली, चुली वाहून गेल्या. झाडे पडून रस्ते बंद झाल्याने हेलिकॉप्टरमधून अन्नाची पाकिटे टाकावी लागली. अशा घरी तांदळाची गोणी पोचली तरी ती शिजवायची कशात आणि कशावर?

त्याच ओडिशात ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’ वादळ आले. त्यापूर्वीच सुमारे बारा लाख माणसे हलविण्यात आली होती. जवळजवळ नऊ हजार निवारे आणि त्यांच्यासाठी सात हजारांच्या आसपास स्वयंपाकघरे उघडली होती. वादळ मोठे होते. तरी मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वेळेवर मिळालेली सूचना आणि पक्के निवारे यांचे श्रेय मोठेच आहे. पण भगिनींनो, एक गोष्ट आपण बायका लवकर ओळखतो. लेकरांना रात्री काय घालू, हे कळल्याशिवाय कोणतीही आई घराचा उंबरठा सोडायला धजत नाही. निवाऱ्यात चूल पेटलेली आहे, हे कळले म्हणजे तिचे पाऊल उचलते. म्हणून पुरातले पहिले जेवण पुराच्या आधी तयार असले पाहिजे.

आता क्रम सांगते. पहिल्या दिवशी, न शिजवता खाता येईल असे द्यावे : पोहे, चुरमुरे, गूळ, फुटाणे, आणि त्याबरोबर पिण्याचे स्वच्छ पाणी. दुसऱ्या दिवसापासून सामुदायिक चुलीवरचे गरम अन्न द्यावे. खिचडी सर्वांत सोयीची. माणशी एका वेळेस शंभर ग्रॅम तांदूळ व चाळीस ग्रॅम डाळ धरली, तर पाचशे माणसांना पन्नास किलो तांदूळ आणि वीस किलो डाळ लागते. पोळ्यांचे गठ्ठे लांबून पाठवू नयेत; गरम पोळ्या बांधल्या की घामेजतात आणि वाटेतच आंबतात. माणसे घरी परतू लागली की मग शिधा द्यावा. त्यासोबत पातेले, तवा, शेगडी, काडेपेटी आणि मीठ-तेलही द्यावे.

तान्ह्या बाळांसाठी दुधाची भुकटी व बाटल्या सरसकट वाटू नयेत. गढूळ पाण्यात कालवलेले दूध अतिसाराला आमंत्रण देते. आईला पोटभर जेवू घालावे आणि तिने अंगावरच पाजावे, हेच बाळाचे खरे रक्षण. ज्या बाळाला आई नाही किंवा ज्याचे अंगावरचे दूध सुटले आहे, त्याच्यासाठी डॉक्टरांच्या सांगण्यावरून वेगळी सोय करावी.

आणखी एक जुनी खोड. घरात बाई शेवटी जेवते; निवाऱ्यातही ती तशीच रांगेच्या शेवटी उभी राहते, आणि तोवर पातेल्याचा तळ दिसू लागतो. गरोदर बाई, म्हातारी, अपंग यांची पाने आधी वाढावीत. कोणी कोणाच्या हातचे खायचे, ही चर्चा त्या दिवशी तरी पंगतीत येऊ देऊ नये.

हे दूर देशीचे दुखणे नव्हे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेने आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीने आपल्याच माणसांना घराबाहेर काढले.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. मृग लागण्याच्या आत तीन याद्या कराव्यात. मोठी पातेली, झारे व शेगड्या कोणाकडे आहेत, ती एक. कोणता वाणी रात्री-अपरात्री दुकान उघडून पोहे-गूळ उधार देईल, ती दुसरी. आणि ज्यांना उचलून आणावे लागेल अशा शेजारच्या माणसांची तिसरी. शाळेच्या किल्ल्या कोणाकडे असतात, तेही त्यात लिहून ठेवावे. हळदीकुंकवाला शंभर बायकांचे फराळ आपण चुटकीसरशी करतो. तेच हात, तीच पातेली. फक्त आधी ठरवून ठेवायचे आहे. याद्यांसाठी येत्या शनिवारच्या सभेत वही घेऊन यावे, एवढे सांगून मी आपली रजा घेते.