बागेतली रेल्वे : घेण्याआधी थोडं समजून घेऊ

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या मागच्या भिंतीलगतची पट्टी पंचवीस वर्षं मोकळी पडून आहे. तिथे मुलांसाठी 'गार्डन रेल्वे' करावी अशी सूचना आली. मला या गाड्यांचा नाद आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून समिती म्हणाली, "काका, आधी समजावून सांगा, मग सर्वसाधारण सभेत ठरवू."

जत्रेत मुलांना बसवून फिरवतात ती ही गाडी नव्हे. हे मॉडेल आहे, पण उघड्यावर, मातीत चालणारं. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. घरात मांडायच्या मॉडेलचं नेहमीचं माप 1:87, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. छताखाली ते छान दिसतं. बागेत मात्र एवढ्याशा गाडीला वाळकं पानसुद्धा दरडीसारखं आडवं येतं. म्हणून बागेसाठी मोठं माप लागतं.

हे माप लोकप्रिय केलं जर्मनीतल्या लेमान या खेळण्यांच्या कंपनीने. कंपनी 1881 सालची. 1968 च्या न्यूरेम्बर्ग खेळणी मेळ्यात तिने 'एलजीबी' ही गाडी आणली. रुळांमधलं अंतर 45 मिलीमीटर आणि प्रमाण 1:22.5. गुणाकार करून बघा, साधारण एक मीटर येतो. म्हणजे हे झालं मीटरगेज! आपली पुणे-मिरज लाइनही पूर्वी मीटरगेजच होती, ज्येष्ठांना आठवत असेल. या मापात साडेपाच फुटी माणूस साडेसात सेंटिमीटरचा होतो. माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटी, ती करायची तर 1:19 प्रमाण आणि 32 मिलीमीटरचे रूळ घ्यावे लागतील. लेमान 2006 साली दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी मेर्कलिनने एलजीबी घेतली. पण 45 चं माप टिकलं, त्यामुळे जुन्या रुळांवर नवी गाडी चालते.

आता जागेचं बोलू. सगळ्यात लहान वळणाची त्रिज्या 600 मिलीमीटर. असे बारा तुकडे जोडले की गोल पुरा होतो, दीड मीटर रुंदीत आरामात बसतो. लांब डब्यांना मात्र मोठं वळण हवं. चढ मीटरला दोन सेंटिमीटरपर्यंत ठेवावा. तो फार वाढला तर इंजिनाची चाकं जागेवरच फिरत राहतात.

रूळ पितळी असतात आणि वीज त्यातूनच जाते. ती कमी दाबाची असते, ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी ठेवायचा. पण पितळ काळवंडलं की गाडी अडखळते. मग रूळ घासायचे. डब्यात बॅटरी बसवली तर हा त्रास वाचतो, पण चार्जिंग करायला कुणीतरी लक्षात ठेवायला हवं.

आणि आपला पाऊस! चर खणून, मुरूम ठोकून, वर बारीक खडी घालून मगच रूळ टाकायचे, पाण्याला वाट ठेवायची. रूळ सिमेंटमध्ये घट्ट बसवायचे नाहीत, उन्हात ते वाढतात. एवढं करूनही पावसाळ्यात खडी सरकते, मुंग्या माती वर आणतात, गवत रुळांत शिरतं.

म्हणून स्पष्ट सांगतो. गाडी परदेशी, महागाची, पण ती एकदाच घ्यायची असते. देखभाल मात्र दर आठवड्याची. खऱ्या रेल्वेला गँगमन असतात, आपले गँगमन कोण? टेरेसच्या गळतीसाठी आपण किती सभा घेतल्या ते आठवा. माळीबुवांवर हे काम ढकलू नका, त्यांच्याकडे आधीच पुष्कळ काम आहे.

माझी सूचना अशी. सोसायटीच्या फंडाला हात न लावता आधी एकच गोल टाकू. एक पावसाळा बघू. चार घरांनी नावं द्यावीत, त्यांत निदान दोन शाळकरी मुलं असावीत. पानं काढणं, रूळ घासणं, खडी सारखी करणं आठवीतल्या मुलाला सहज जमतं, आणि शिकायलाही मिळतं. पावसाळ्यानंतर दसऱ्याला गाडी नीट धावली, तर पुढचा खर्च सभेत मांडा, मी स्वतः अनुमोदन देईन. चार नावं आली नाहीत, तर त्या पट्टीत जास्वंद आणि मोगरा लावू, त्यातही आनंदच आहे.

नावांची वही कार्यालयात ठेवली आहे. माझं नाव पहिलं लिहिलंय, आता तीन हवीत.